डोकं धुणाऱ्या मॅडम

मॅडमनी माझं डोकं जितक्या वेळा धुतलं, तितक्या वेळा माझ्या आईनंही धुतलं नसेल.

मोठ्या बाई होत्या त्या. मेडिकलच्या डॉक्टर, त्यावर मेंदूच्या अभ्यासाची आणखी मोठी पदवी, परदेशातल्या सभांमध्ये भाषणं देऊन आलेल्या. माणसानं नुसतं मनात आणावं आणि यंत्राचा हात हलावा, या एका गोष्टीपायी त्यांनी सगळी हयात घालवली. आणि मी नागपूरच्या इतवारीतल्या दुकानात भांड्यांवर नावं घालणारा माणूस, तोही उजवा हात गेल्यामुळे कामातून उठलेला. तरी प्रत्येक वेळी यंत्रापुढचं बसणं संपलं की मॅडम पदर खोचायच्या, मला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी स्टुलावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "वाका खाली. घाण मी केली, काढीन पन मीच."

घाण म्हणजे मलम. मेंदूतली हालचाल टिपायला त्या डोक्यावर एक घट्ट टोपी चढवायच्या. टोपीला जागोजागी बटणं आणि बटणांना तारा. प्रत्येक बटणाखाली केसांत पांढरं चिकट मलम भरायचं, नाहीतर आतलं काही बाहेर ऐकूच येत नाही. टोपी काढली की डोक्याची लापशी झालेली असायची. मॅडम घरून शिकेकाईचा साबण आणायच्या आणि सावकाश, कानामागे बोटं फिरवून सगळं काढायच्या. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, मी धुते ना." मॅडम म्हणाल्या, "नखं पाहिली काय तुझी? माणसाचं डोकं आहे ते, कढई नाही."

माझा हात कसा गेला ते एकदाच सांगतो. बायकोचं माहेर मौद्याकडे. तिला मागे बसवून मोटारसायकलनं परत येत होतो. ऊन कलतं झालं होतं. समोर अचानक म्हैस आली आणि मी उजव्या हातानं ब्रेक दाबला. गाडी घसरली. बायको कडेच्या गवतात जाऊन पडली. तिला खरचटलं, त्यापलीकडे काही झालं नाही. माझा हात मात्र हँडलखाली सापडला आणि मागून येणाऱ्या टेम्पोचं चाक त्यावरून गेलं. कोपराखालून कापावा लागला.

मॅडम मला भेटल्या त्या कृत्रिम हातपाय बसवून देणाऱ्या एका शिबिरात. आम्ही सगळे ओळीनं बसलो होतो. येणारा प्रत्येक जण आमच्या तुटक्या अवयवाकडे बघत होता. ही बाई मात्र कपाळं बघत चालली होती. एका टकलावर त्यांची नजर अशी खिळली की तो बिचारा लाजला. टक्कल असलं की टोपी छान बसते, हे मला पुढे कळलं. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "केस लय दाट आहेत तुमचे. त्रास देणार तुम्ही."

मी केसांवरून डावा हात फिरवला.

"मी हात देणार नाही, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीतला हात खोलीतच राहते. तुम्ही येसान, डोकं शिणवसान, आन रिकामेच घरी जासान. मले तुमच्या डोक्याची गरज आहे, तुम्हाले माझी काही गरज नाही. पटत असन तं या."

त्या शिबिरात सगळे काही ना काही देत होते. काहीच देणार नाही म्हणणारी ती एकच बाई. म्हणून मी गेलो.

कॉलेजच्या जुन्या इमारतीत, मागच्या बाजूला त्यांची खोली होती. खोलीत दोन संगणक, तारांचं जंजाळ आणि टेबलावर तो हात. काळा, प्लास्टिकचा, बोटांत बारीक मोटारी. मॅडम त्याला जावई म्हणत. दुरून आला होता, महाग पडला होता, आणि कधी रुसेल त्याचा नेम नव्हता. सकाळी आल्या आल्या त्या मुलीला विचारत, "जावईबापूची तब्येत कशी आहे?" आणि तो हलला नाही की म्हणत, "त्यांले काही म्हणू नका, ते बोलले नाही म्हणजे आपलंच काही चुकलं."

जावयाची परीक्षा आलूबोंड्यावर व्हायची. इतर ठिकाणी म्हणे बाटली किंवा चेंडू उचलायला लावतात. मॅडमचं म्हणणं, बाटली कोणीही उचलेल. आलूबोंडा न चेंदता उचलला तर तो हात. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून रोज ताजे आलूबोंडे यायचे. जावई ते रोज चेंदायचा. चेंदलेले आम्ही सगळे मिळून खायचो. मॅडम हिरवी मिरची दातांनी तोडत म्हणायच्या, "विज्ञानात काही वाया जात नाही."

यंत्रापुढे बसलं की पापणी लववायची नाही, दात आवळायचे नाहीत, मान हलवायची नाही. डोळ्याची उघडझाप झाली की पडद्यावरची सगळी रेघ उसळायची. "मेंदू हळू बोलते, भाऊ," मॅडम सांगायच्या, "आन पापणी बोंबलते. बोंबलणाऱ्याले गप करा, तवा हळू बोलणाऱ्याचं ऐकू येते." पंखा आणि कूलरसुद्धा बंद, कारण त्यांची वीज तारांत घुसते. नागपूरचा मे महिना आणि कूलर बंद! घामानं टोपीही सुटायची. म्हणून उन्हाळ्यात त्या आम्हाला उजाडताच बोलवायच्या आणि स्वतः डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बसायच्या. तसं बसलेलं बघून कोणी त्यांना प्राध्यापक म्हटलं नसतं. संगणकाशी मात्र त्या शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत. "कृपया पुढे चला. आपली अडचण काय आहे?" माणसांशी वऱ्हाडी आणि यंत्राशी पुस्तकी, असं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "परक्याशी तसंच बोला लागते."

आमच्यासारख्यांना त्या पेशंट म्हणत नसत, पाहुणे म्हणत. आणि प्रत्येक पाहुणा आला की पहिला प्रश्न, "हात कोठी आहे आज?"

हा प्रश्न ऐकून मी चमकलोच होतो. पण बाकीचे पाहुणे सहज उत्तर द्यायचे. एक वायरमन होता, शॉक लागून हात गेलेला. तो म्हणायचा, "पाठीमागे वाकला आहे जी, सकाळपासून." एक बाई म्हणायची, "आज लहान झाला, खांद्यापाशीच येऊन बसला." मॅडम मान हलवायच्या, जशी एखाद्या नातेवाइकाची खुशाली कळावी. गेलेला हात माणसाला असल्यासारखा वाटत राहतो, तो दुखतो, खाजतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकदा डोकं धुताना त्यांनी आपणहून सांगितलं. शिकत असताना वॉर्डात एक म्हातारी होती, हात कापलेली. या शेजारून जात होत्या, तर ती म्हणाली, बाई, माझं बोट खाजवून राहिलं वं. बाकीची मुलं हसली. यांना काय वाटलं कोण जाणे, बोट असायला हवं होतं तिथली चादर यांनी नखानं हळूच खाजवली. म्हातारीनं डोळे मिटले आणि म्हणाली, हं, आता बरं वाटलं. "मंग मी दुसरं काही केलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्या बरोबरीच्या लोकांचे मोठे मोठे दवाखाने झाले. मी त्या चादरीपाशीच राहिली."

इतकं ऐकूनही मी त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर देत नव्हतो. "नाही जी, हात नाहीच, तं कोठी राहीन?" असं म्हणून हसायचो. कारण आधी एका डॉक्टरांना सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, मनाचे खेळ आहेत, विसरून जा. साळ्याला सांगितलं तर तो घरभर सांगत सुटला. तेव्हापासून मी गप्प होतो.

आणि यंत्रापुढे माझं काही केल्या जमत नव्हतं. काम सोपं होतं. पडद्यावर एक पट्टी. मॅडम म्हणणार "मूठ मिटा", मी मनातल्या मनात उजवी मूठ मिटायची, तसं डोक्यात घडलं की पट्टी चढणार आणि जावई मूठ मिटणार. वायरमननं काही आठवड्यांत जमवलं. माझी पट्टी जिथल्या तिथे. मी बसायचो, घामाघूम व्हायचो, घरी जायचो. ती मुलगी एकदा हळूच म्हणाली, "मॅडम, काही लोकांना नाहीच जमत." मॅडमनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "यंत्राले यांचं समजून नाही राहिलं, म्हणजे मले विचारता येऊन नाही राहिलं," एवढंच म्हणाल्या.

मी येणं सोडणार होतो. आता हे खोटं का सांगू? घरी बायकोला तसं सांगितलंही होतं. शेवटचं म्हणून एक दिवस गेलो, तर दुपारी डबा घेऊन तीच तिथे आली. आम्ही सक्करदऱ्याला राहतो. तिथून बसनं आली. बघते तर काय, नवरा बेसिनमध्ये डोकं घालून बसलाय आणि प्रोफेसरबाई त्याचं डोकं चोळतायत. ती ओशाळली.

"द्या जी, मी धुते," ती म्हणाली.

"बसा तुम्ही ताई. हे माझं काम आहे."

तेवढ्यात माझ्या हातातून कळ निघाली. रोजचीच होती. थोटा हात आपोआप उडायला लागला. बायकोनं डबा खाली ठेवला, पुढे आली आणि घरी करते तेच तिनं न सांगता केलं. माझ्या तुटक्या हाताच्या पुढे, हवेत, जिथे माझी मूठ असायला पाहिजे तिथे, तिनं एकेक बोट उकलल्यासारखं करायला सुरुवात केली.

डोक्यावरची मॅडमची बोटं थांबली.

"ताई, काय करून राहिल्या तुम्ही?"

बायको घाबरली. "काही नाही जी. यांची मूठ दुखते. नखं रुततात म्हणतात तळव्यात. सोडून देते मी थोडी थोडी."

"कोणती मूठ?"

"हेच जी, गेलेली. ब्रेक दाबून आहेत ना हे अजून. मी मागं बसून होती ना जी. तवापासून सोडलाच नाही."

साबण माझ्या भुवईवरून खाली उतरत होता.

"तवापासून ब्रेक दाबून आहे हा माणूस?" मॅडम म्हणाल्या, आणि माझी मान धरून वर केली. "काहून नाही सांगितलं गा तू मले?" तोपर्यंत त्या मला तुम्ही म्हणत होत्या. त्या दिवसापासून तू झालो.

"मॅडम, डोळ्यात साबण चालला."

"चालू दे!" त्या ओरडल्या, आणि फेसाच्या हातांनीच त्या मुलीकडे वळल्या. "ऐकलं काय? आपण याले रोज म्हणतो मूठ मीट, मूठ मीट. याची तं मिटलेलीच आहे! मिटलेली मूठ अजून काय मिटन? मशीनले फरक पाहिजे. आराम आन काम, यातला फरक. हा तं आराम करतच नाही. चोवीस घंटे ब्रेक दाबून आहे." मग स्टुलावर मटकन बसल्या. "इतकी वर्षं जो येईन त्याले मी मिटायलेच सांगितलं. उघड म्हणून एकालेही सांगितलं नाही."

माझं डोकं त्या दिवशी बायकोनंच धुतलं.

त्यानंतर सगळं उलटं केलं. जावई आता मूठ मिटून बसणार, आणि मी मनात मूठ उघडली तर तो उघडणार. त्या मुलीनं संगणकात कायकाय बदललं. पुन्हा कितीतरी दिवस काहीच झालं नाही. मला मूठ उघडायची कशी तेच आठवेना. मग मॅडमनी माझा थोटा हात टॉवेलखाली झाकला आणि टॉवेलच्या पुढे, माझाच वाटावा असा, जावई ठेवला. डाव्या हातानं खरी मूठ मिटायची आणि उघडायची, त्याच्या जोडीनं उजवी उघडायची. आणि त्यांनी बायकोला बोलावून घेतलं. माझ्या समोर खुर्ची टाकून तिला बसवलं.

सकाळची वेळ होती. पंखे बंद. मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि एरवी कधी बोलत नसत इतक्या हळू बोलायला लागल्या.

"ब्रेक सोड गा. म्हैस निघून गेली. गाडी थांबली. तुझी बायको समोर बसून आहे, पाहा तिच्याकडे. काही झालं नाही तिले. झालं तुझं काम. आता सोड."

मी बायकोकडे बघत होतो. तिनं हिरवी साडी नेसली होती आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. ती नुसती मान हलवत होती, हो, हो. मोटारीचा बारीक आवाज झाला. जावयाचं एक बोट सुटलं, मग दुसरं. आणि कसं सांगू, माझंही सुटलं. आतलं. करंगळी आधी, मग तिच्या शेजारचं, अंगठा सगळ्यात शेवटी. तळव्याला वारा लागला. जो तळवा कापल्यावर दवाखान्यातच जळून राख होऊन गेला होता, त्याला वारा लागला.

मला रडू फुटलं.

"रडू नको!" मॅडम किंचाळल्या. "सिग्नल जाते! रडू नको गा!" आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी स्वतःच हात मारून यंत्र बंद केलं. "रड, रड. बंद केली मशीन. रड तू."

दुखणं एका दिवसात गेलं नाही. घरी पोचेपर्यंत मूठ पुन्हा मिटली होती. पण आता मला ती उघडता येते हे कळलं होतं. दर आठवड्याला जायचं, उघडायची, यायचं. काही महिन्यांत मी जेवताना दात आवळणं सोडलं. घरी माझ्या लेकीशी पूर्वीसारखा बोलायला लागलो. दुकानाच्या शेठला म्हटलं, डाव्या हातानं नावं घालून बघतो. सुरुवातीची अक्षरं सगळी एका बाजूला कललेली. गिऱ्हाइकं म्हणायची, हे काय लिहिलंय? भांडं गुडघ्यांत धरून, थोट्यानं दाबून शिकत गेलो.

मॅडमच्या कामाचं काय झालं, तेही सांगायला हवं. काम पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला बाहेरगावची मोठी माणसं आली होती. मॅडमनी मला बसवलं. मी जावयाची मूठ उघडून दाखवली. त्यांच्यातले मुख्य साहेब हसून म्हणाले, "मॅडम, पकड़ दिखाइए ना. हाथ खोलकर आदमी क्या करेगा?"

मॅडम म्हणाल्या, "सर, मुट्ठी बंद कीजिए. ज़ोर से. मैं बोलूँ तब तक छोड़ना नहीं."

साहेबांनी गंमत म्हणून मूठ आवळली. मॅडमनी चहा मागवला. बशीत बिस्किटं आली. मॅडम उन्हाळ्याविषयी बोलल्या, गावाकडच्या रस्त्याविषयी बोलल्या, माझ्या दाट केसांविषयीही बोलल्या. साहेब डाव्या हातानं कप उचलत होते. आधी हसत होते, मग हसणं गेलं, मग मनगट थरथरायला लागलं. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा पडला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अब छोड़िए. ये आदमी सालों से पकड़ के बैठा था."

साहेबांनी मूठ उघडली आणि बराच वेळ आपल्या तळव्याकडे बघत राहिले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला.

तरीही हात बनवायचं काम नागपुरात राहिलं नाही. ते दुसऱ्या शहरातल्या इंजिनियर लोकांकडे गेलं, जावईही गेला. ती मुलगीही तिकडे गेली. आता तिथे तिचा चांगला जम बसला आहे, आणि पाहुण्यांना ती आधी मूठ उघडायला लावते असं ऐकतो. मॅडमकडे जुनी टोपी आणि एक संगणक उरला. निवृत्त झाल्यावरही त्या शनिवारी त्या खोलीत बसायच्या. ज्यांचा नसलेला हात दुखतो, नसलेला पाय दुखतो, अशी माणसं कुठून कुठून यायची. सगळ्यांची डोकी त्याच धुवायच्या.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं गेलास, शेवटी हात मिळाला का? नाही मिळाला. त्यांनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. मॅडमचं नाव निघालं की मी दुकानात असलो तरी हातातलं काम थांबवतो. त्यांनी मला काय दिलं, हे गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. दुकानात एका पितळी गंजावर, म्हणजे पातेल्यावर, लग्नातल्या आहेराचं नाव घालत होतो. नाव संपवलं, गंज बाजूला ठेवला, आणि सहज उजव्या हाताकडे मन गेलं, तर तो नव्हता. दुखत नव्हता असं नाही, नव्हताच. महिन्यांमागून महिने तो आखूड होत चालला होता, हे मला जाणवत होतं. आधी मनगट गेलं, मग तळवा थेट कोपरापाशी येऊन टेकला. पण त्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. कधी गेला तेही कळलं नाही.

आनंद व्हायला पाहिजे होता. पण पुढचं भांडं मी हातात घेतलंच नाही. शेठ म्हणाला, बरं नाही का? शनिवार आला तसा मॅडमकडे गेलो.

त्या एका पाहुण्याला टोपी घालत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं गा?"

"मॅडम, हात गेला."

त्यांनी मलमाची नळी खाली ठेवली. पाहुण्याला म्हणाल्या, "थांबता काय भाऊ थोडं?" आणि मला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. बाकावर माझ्या शेजारी बसल्या.

"त्रास नाही ना झाला जाताना?"

"नाही जी. कळलंच नाही."

"मिटलेला नव्हता ना?"

"नाही. उघडा होता."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या थोट्या हाताचं टोक आपल्या दोन्ही हातांत घेतलं, कोणाच्या घरी माणूस गेल्यावर भेटायला आलेली बायामाणसं घेतात तसं, आणि म्हणाल्या, "चांगला हात होता गा तुझा."